आकड्यांतून आवाज



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हा वक्त्यापुढे ध्वनिक्षेपक नव्हता आणि त्याचे शब्द साठवून ठेवणारे यंत्रही जगात कोठे नव्हते. एडिसनचा फोनोग्राफ त्यानंतर दोन वर्षांनी, १८७७ साली निघाला. म्हणजे त्या पहिल्या व्याख्यानांतले जे कोणी लिहून घेतले तेवढेच उरले, आवाज गेला. आवाज उरणे आणि जाणे ह्याच गोष्टीविषयी मला आज बोलावयाचे आहे. मी नववीत शाळा सोडलेला, लोखंडाच्या रोलिंग मिलच्या फाटकावर बोलावयास शिकलेला माणूस. विज्ञानाचा अधिकार मला नाही. परंतु गेल्या वर्षी आमच्या घरात एक पेटी आली, आणि तिच्यापायी मला हा इतिहास वाचणे भाग पडले.

प्रथम कारण सांगतो. १९९४ च्या पावसाळ्यात जालन्यात आमचा एक संप चालला होता. आमचे एक वडीलधारे सहकारी होते, सारे कामगार त्यांना मास्तर म्हणत. त्यांची फाटकसभेतील भाषणे एका हमालाने आपल्या दुबईहून आलेल्या मेहुण्याच्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतली होती. अशा अकरा कॅसेट युनियनच्या कपाटात होत्या. मास्तर गेले, कपाट गंजले. काही वर्षांपूर्वी आम्ही वर्गणी काढून त्या कॅसेट एका दुकानात दिल्या आणि संगणकात उतरवून घेतल्या. आता काळजी मिटली असे समजून चार कॅसेट कोणी तरी भंगारात टाकल्यादेखील. भंगाराच्या गावात भंगार टाकण्यास फारसा विचार लागत नाही.

उतरवून आणलेले मास्तरांचे भाषण मी घरी लावले तेव्हा मला ते मास्तर वाटेनात. शब्द तेच, पण माणूस पत्र्याच्या पिंपात बसून बोलतो आहे असा भास. माझी मुलगी इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेत होती. ती म्हणाली, "बाबा, संगणकाच्या आतला कन्व्हर्टर हलका असतो. बाहेरून निराळी पेटी लावून पाहू." आणि तिने साडेतीन हजारांची, काडेपेट्यांच्या पुड्याएवढी एक पेटी आणली. एका बाजूने संगणकाची वायर आत जाते, दुसऱ्या बाजूने लाल-पांढऱ्या दोन वायरी निघून जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये शिरतात. तिला 'डॅक' म्हणतात. आकडे आत घालावे आणि आवाज बाहेर काढावा, इतकेच तिचे काम.

आकड्यांतून आवाज कसा निघेल, हे मला काही केल्या उमजेना. मुलीने सांगितले ते डोक्यावरून गेले. शेवटी ते मला वाण्याच्या दुकानात समजले, म्हणजे वाण्याच्या जुन्या मापांत. मेट्रिक वजने आपल्याकडे १९५८ पासून येऊ लागली. त्यापूर्वीची मापे म्हाताऱ्या श्रोत्यांना आठवत असतील: छटाक, नवटाक, पावशेर, अर्धा शेर, शेर. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. ही पाच वजने एकेकच असली तरी वाणी एक छटाकापासून एकतीस छटाकांपर्यंत कोणतेही वजन करू शकतो. अकरा छटाक हवेत? अर्धा शेर, नवटाक आणि छटाक पारड्यात घाला, बाकीची दोन बाजूस ठेवा. 'घातले' म्हणजे एक, 'ठेवले' म्हणजे शून्य. संगणकातील एक-शून्याची भाषा ती हीच. पेटीत वजनांच्या जागी विजेचे प्रवाह असतात, प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट. आकडा सांगेल ते प्रवाह जोडले जातात, त्यांची बेरीज होते, आणि ती बेरीज कर्ण्याचा पडदा तितका पुढे किंवा मागे ढकलते. हे सेकंदाला हजारो वेळा घडले की पडदा थरथरतो, आणि ती थरथर म्हणजे आवाज. (पिंगलाच्या लघु-गुरूंतच हे सारे होते असे मला एका विद्वान गृहस्थाने ऐकविले. छंदांच्या प्रस्तारात दोन-दोनाची मांडणी आहे हे खरेच. पण त्यातून कोणी कर्णा वाजवला नाही, हेही खरे.)

आता ह्या विद्येचा इतिहास. तो तबकडीपासून सुरू करावा लागतो.

१९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग नावाचा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजान ह्यांचे गाणे उतरवून घेतले. गाणे कलकत्त्यात झाले, पण तबकडी उमटली जर्मनीत हॅनोव्हर येथे. म्हणून त्या गाण्याच्या शेवटी आपले नाव इंग्रजीत सांगत. तिकडच्या कारागिराला चिठ्ठी कोणाची चिकटवावयाची हे कळले पाहिजे. ज्या लाखेची तबकडी होई, ती लाख मात्र मुख्यत्वे आपल्याच जंगलांतली. कच्चा माल इकडचा, कारखाना तिकडचा, गिऱ्हाईक पुन्हा इकडचे. युनियनच्या माणसाने ह्यावर अधिक काय बोलावे? १९०८ साली कलकत्त्याच्या सियालदह भागात कारखाना निघाला आणि ती फेरी थोडी कमी झाली.

तबकडी एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे वाजे. ह्या तीन मिनिटांनी आपल्या संगीताचे काय केले हे जाणकारांनी लिहिले आहे. मला दिसते ते एवढेच की, त्यात पोवाडा मावत नाही आणि सभा तर मुळीच मावत नाही. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले. त्यांना ऐकणाऱ्या हजारो गिरणी कामगारांच्या हाती आवाज साठवण्याचे साधन नव्हते. ते हाती आले कॅसेटने. फिलिप्स कंपनीने कॅसेट १९६३ साली दाखविली, पण आपल्याकडे तिचा सुळसुळाट झाला तो १९८० च्या सुमारास, आखाती देशांतून परतणाऱ्या कामगारांच्या सामानातून. तासभर वाजणारी, कोणालाही भरता येणारी, खिशात मावणारी वस्तू! गाणे कोणी भरावे हे प्रथमच कंपनीखेरीज इतरांच्या हाती आले. आमच्या मास्तरांची भाषणे राहिली ती ह्याच वाटेने.

पण तबकडी काय, कॅसेट काय, दोन्ही आवाजाची सावली धरतात. खाच झिजते, फितीवरचे चुंबकत्व उतरते, प्रतीची प्रत काढली की सरसर वाढते. टेलिफोनची तीच अडचण होती. तार जितकी लांब तितकी खरखर अधिक, आणि मध्ये आवाज मोठा करावा तर खरखरही मोठी होते. पॅरिसमध्ये काम करणारा ॲलेक रीव्ह्ज हा इंग्रज इंजिनियर ह्या प्रश्नापाशी १९३७ साली थांबला आणि त्याला सुचले की आवाज पाठवूच नये. आवाजाची मापे घ्यावीत आणि मापांचे आकडे पाठवावे. आकडा मळला तरी वाचता येतो. खरखरीतून 'एक' की 'शून्य' एवढेच ओळखावयाचे असते. कल्पना अचूक होती, पण तेव्हाच्या व्हॉल्व्हांनी ती करावयाची म्हणजे खोली भरून यंत्रे हवीत. १९४३ साली तशी यंत्रे खरोखरीच झाली. लंडन आणि वॉशिंग्टन यांच्यामधील अति-गुप्त बोलण्यासाठी सिगसली नावाची यंत्रणा बसविण्यात आली. तिचे वजन पन्नास टनांच्या घरात होते. बोलणे आकड्यांत जाई, आणि ते आकडे लपविण्यासाठी दोन्ही टोकांना निव्वळ गोंगाटाची एकसारखी ग्रामोफोन तबकडी फिरत असे. एकदा वापरली की नष्ट करावयाची. म्हणजे आकड्यांचा आवाज जन्मला तो तबकडीच्या मांडीवर.

पुढचे वर्ष १९४८. आम्हा मराठवाड्यातील माणसांना ह्या वर्षी दुसरे काही आठवत नाही. १३ सप्टेंबरला पोलीस कारवाई सुरू झाली आणि १७ तारखेस निजामाचे राज्य संपले. त्याच वर्षीच्या जुलै आणि ऑक्टोबर महिन्यांत, म्हणजे आमच्या मुक्तीच्या अलीकडे आणि पलीकडे, क्लॉड शॅनन ह्याचा संदेशवहनाच्या गणितावरील लेख अमेरिकेतील बेल कंपनीच्या नियतकालिकात दोन भागांत छापून आला. ट्रान्झिस्टरही त्याच वर्षी जगापुढे आला. दोन्ही बातम्या जालन्यास त्या वर्षी पोहोचल्या असण्याचे कारण नाही. लोकांना दुसरी कामे होती.

आवाजाची मापे किती वेळा घ्यावीत, हा ह्या विद्येतला कळीचा प्रश्न. मला तो हजेरीपटावरून कळला. मुकादम दिवसातून एकदाच हजेरी घेईल तर मधल्या वेळी कोण बाहेर जाऊन आला हे पटाला ठाऊक नसते. पण सर्वांत चपळ माणसाच्या येण्याजाण्याच्या दुपटीहून अधिक वेळा हजेरी घेतली, तर पटातून काहीच निसटत नाही. माणसाचा कान सेकंदाला फार तर वीस हजार कंपने ऐकतो. म्हणून चाळीस हजारांहून थोडी अधिक मापे पुरतात. पुष्कळ लोक समजतात, आणि मीही समजत होतो, की दोन मापांच्या मध्ये भोके राहतात, आवाज जिन्याच्या पायऱ्यांसारखा होतो. तसे नाही. पेटीतील गाळणी पायऱ्या पुसते, आणि ऐकू येण्याजोग्या कंपनांपुरती रेघ पुन्हा सलग उमटते. हे वाटण्या-न वाटण्याचे प्रकरण नसून गणिताचे आहे.

आकडा शेवटी ठरला तो ४४,१००. हा विचित्र आकडा आला कोठून? तर सुरुवातीस हे आकडे साठविण्यास दूरचित्रवाणीची चित्रफीत वापरीत. चित्राच्या एकेका ओळीत तीन मापे, कामाच्या २४५ ओळी, सेकंदाला ६० वेळा. गुणाकार करून पाहा. युरोपातल्या पद्धतीत २९४ ओळी आणि ५० वेळा. तरीही तेच उत्तर येते. दोन खंडांच्या टीव्हींचा जेथे मेळ बसला तो आकडा जगाच्या संगीताला चिकटला.

सोनी आणि फिलिप्स यांची कॉम्पॅक्ट डिस्क १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानात विक्रीस आली. त्याआधी ऑगस्टमध्ये डिस्क छापणारा कारखाना सुरू झाला तो हॅनोव्हरला लागून असलेल्या लांगेनहागेन येथे. गौहरजानांची तबकडी जेथे उमटली तेच हॅनोव्हर, आणि तीच बर्लिनर बंधूंनी लावलेली कंपनीची वेल! ऐंशी वर्षांनी फेरी पुरी झाली. १९८२ म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे मात्र निराळे चित्र येते. १८ जानेवारीस दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. माझे चुलते त्यांपैकी एक. ते पावसाळ्यात जालन्यास परत आले ते एक ट्रंक आणि एक ट्रान्झिस्टर घेऊन, आणि पुन्हा मुंबईला गेले नाहीत. मी बारा वर्षांचा होतो.

डिस्कमधील प्रत्येक माप सोळा वजनांनी होते. सोळा वजने म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. आपल्या वाण्याच्या हिशेबाने पाहू. सर्वांत धाकटे वजन छटाक धरले तर दुपटी-दुपटीने सोळावे वजन एक्कावन्न मणांहून अधिक भरते. आणि त्या एक्कावन्न मणी वजनात एका छटाकाचीही खोट चालत नाही, नाही तर धाकट्या वजनांची किंमतच राहात नाही! पहिल्या काळच्या कारागिरांना हेच जड गेले. फिलिप्सच्या पहिल्या यंत्रात चौदाच वजने होती. त्यांनी मापांचा वेग चौपट करून उरलेली कसर भरून काढली. सोनीच्या यंत्रात वजने सोळा, पण उजव्या-डाव्या बाजूंना मिळून एकच तराजू आळीपाळीने चाले. मग तराजू निराळा आणि डिस्क फिरविणारे यंत्र निराळे, अशी फारकत करण्याची टूम निघाली. त्या दशकाच्या अखेरीस आर्कम ह्या ब्रिटिश कंपनीची 'ब्लॅक बॉक्स' नावाची पेटी गाजली. पुढे मोठी वजने टाकून एकच इवलेसे वजन अफाट वेगाने घालावयाचे-काढावयाचे आणि सरासरी साधावयाची, अशी युक्ती रूढ झाली. आज साडेतीन हजारांत मिळणाऱ्या पेटीच्या पोटात बहुधा हीच युक्ती असते.

आपल्या खेड्यांत आकड्यांचा आवाज डिस्कमधून आला नाही, टेलिफोनमधून आला. सी-डॉट ही संस्था १९८४ साली निघाली आणि तिचे पहिले ग्रामीण एक्स्चेंज १९८६ साली कर्नाटकात कित्तूर येथे लागले. तेथे बोलण्याची मापे सेकंदाला आठ हजार, प्रत्येक माप आठ वजनांचे. गाण्यास अपुरे, पण बोलण्यास पुरेसे. पिवळ्या पाट्यांच्या एसटीडी बूथमध्ये उभे राहून आम्ही मुंबईच्या कचेरीशी जी भांडणे केली, ती आकड्यांतूनच केली हे तेव्हा कोणास ठाऊक होते?

आता घरातल्या पेटीकडे येतो. ती लावली आणि पहिल्याच रात्री मला वाटले की फरक पडला. मुलगी हसली. तिने तिच्या महाविद्यालयातील कोणाची तरी दसपट किमतीची दुसरी पेटीही मागून आणली होती. तिने मीटर लावून दोन्हींचा आवाज तंतोतंत सारखा केला, कारण किंचित मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो. आणि मला भिंतीकडे तोंड करून बसविले. वीस वेळा विचारले, "बाबा, आता कोणती?" मी अकरा वेळा बरोबर सांगितले. नाणे उडवून सांगितले असते तरी एवढेच साधले असते. मग संगणकाचे स्वतःचे भोक आणि आमची पेटी असा सामना लावला. येथे मी वीसच्या वीस वेळा ओळखले, पण कारण पाहा: संगणकाच्या भोकातून, गाणे थांबले असतानाही, बारीक सूं ऐकू येई आणि माउस हलविला की तो कुरकुरे. आतील विजेचा तो कल्लोळ होता. पेटी बाहेर असल्यामुळे तो तिच्यात शिरत नव्हता. म्हणजे बाहेरच्या पेटीने शांतता विकत मिळाली. दसपट दर मोजून तिच्याहून जास्त काही मिळते असे माझ्या कानांना तरी दिसले नाही. ज्यांना दिसते त्यांनी भिंतीकडे तोंड करून बसावे.

आणि मास्तर? मास्तर अजून पिंपातच होते.

तेव्हा मला आमच्या कारखान्यातील जुनी वजनकाट्याची भानगड आठवली. ट्रक भरणाऱ्या हमालांना टनावर मजुरी होती. दांडीचा काटा जाऊन आकड्यांचा काटा आला आणि हमालांची कमाई घटली. सर्वांनी यंत्राला शिव्या दिल्या. आम्ही आठ दिवस काट्याजवळ बसून वहीत आकडे टिपले. काटा बरोबर होता. वीस-वीस किलोंच्या पायरीने का होईना, पण प्रामाणिकपणे सांगत होता. चिठ्ठी करताना मात्र क्विंटलाखालचे आकडे सोडून दिले जात. आकडा यंत्राने खाल्लेला नव्हता, तो लिहिताना टाकलेला होता. आठ दिवसांच्या त्या वहीवर आम्ही फरक वसूल केला.

मी मुलीला म्हटले, "आकड्यांतून आवाज काढणारी पेटी ठीक असेल, तर आवाजाचे आकडे करताना कोणी काय टाकले ते पाहा." तिने पाहिले. दुकानदाराने जागा वाचविण्यासाठी एमपी-३ची अगदी हलकी प्रत केली होती. ह्या पद्धतीत कानाला जाणवणार नाही असे यंत्राला वाटेल ते टाकून देतात. फार आवळले की जाणवणारेही जाते. पण खरा घाव निराळा होता. फितीची सरसर काढण्यासाठी त्याने आवाज स्वच्छ करणारी चाळणी लावली होती, आणि त्या चाळणीला पावसाचा पत्र्यावरचा आवाज आणि चारशे माणसांचा श्वास ह्यांतला भेद कळत नव्हता. मास्तरांच्या वाक्यावाक्याच्या मागची लोकांची कुजबुज, हुंकार, खोकला, सारे गेले होते. वक्ता हा समोरच्या माणसांवर टेकून बोलतो. माणसे काढून घेतली तर तो पिंपात पडणारच. दुकानदाराला मी लबाड म्हणत नाही. त्याने आम्हाला न विचारता आमचे भले केले, आणि आम्हीही त्याला काही सांगितले नव्हते. कॅसेट परत आल्यावर मूळ आणि प्रत शेजारी ठेवून ऐकण्याची बुद्धी आमच्यापैकी एकालाही झाली नाही, आणि त्यांत मी होतो.

उरलेल्या सात कॅसेट घेऊन आम्ही पुन्हा बसलो. एक चालू टेपडेक मिळविला, त्याचे डोके स्पिरिटने पुसले, आवाजाचे आकडे करणारी उलटी पेटी मागून आणली आणि काहीही न गाळता, न आवळता, चौदाही बाजू उतरविल्या. त्यास पाच रविवार लागले. तिसऱ्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूस मास्तरांचे भाषण संपते. दुकानाच्या प्रतीत बाजू तेथेच संपली होती. मूळ फितीवर मात्र पुढे अठरा मिनिटे आहेत. भाषण नव्हे म्हणून दुकानात ती कापून टाकली असावीत. त्या अठरा मिनिटांत मास्तर संपफंडाची यादी वाचतात. नाव, गाव, रक्कम. दोन रुपये, पाच रुपये, एकीने दिलेली ज्वारीची अर्धी पायली. प्रत्येक नावाला गर्दीतून कोणी तरी 'हजर' म्हणते. मध्येच एक बाई विचारते, "माझं नाव राहिलं का हो मास्तर?" मास्तर थांबतात, कागद उलटतात, पाऊस ऐकू येतो, आणि मग ते म्हणतात, "राहिलं नाही बाई, मागल्या पानावर आहे."

फंडाची लेखी वही १९९८ च्या सुमारास कचेरी हलविताना हरवली. ती यादी आता ह्या अठरा मिनिटांतच आहे. भंगारात गेलेल्या चार कॅसेटमध्ये काय होते ते दुकानाच्या प्रतीत आहे तेवढेच. आम्ही छोट्या पेटीवर, तिच्या मिळालेल्या शांततेत, यादी पुन्हा पुन्हा लावून नावे लिहून काढली. त्रेचाळीस लिहिली आहेत. सात नावे पावसात बुडाली आहेत. रक्कम ऐकू येते, नाव येत नाही. त्या फाटकावर तेव्हा उभे असलेले जे कोणी ह्या सभागृहात असतील त्यांनी रविवारी सकाळी युनियनच्या कचेरीत यावे. पेटी तेथेच ठेवली आहे. 'हजर' म्हणणारा आवाज ओळखीचा निघाला तर नाव सापडेल.